विद्यापीठ सोडताना: संगणकावरील खाते, फाइली आणि मालकी

प्रबंध सादर करून अथवा सेवेतून मुक्त होऊन विद्यापीठाचा निरोप घेणाऱ्या व्यक्तीस ना-देय प्रमाणपत्रासाठी अनेक कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. ग्रंथालयाची पुस्तके परत आली की नाहीत, वसतिगृहाचे भाडे थकले आहे काय, प्रयोगशाळेतील उपकरणे जागेवर आहेत की नाहीत, हे तपासून त्या त्या ठिकाणची सही मिळते. जाणाऱ्याकडे विद्यापीठाचे काय राहिले आहे, याची चौकशी अशा रीतीने कसून होते. परंतु विद्यापीठाच्या संगणकांवर जाणाऱ्याचे काय राहिले आहे, आणि त्यांपैकी कोणते त्याचे स्वतःचे, कोणते विभागाचे व कोणते तिसऱ्याच कोणाचे, हे बहुधा कोणी विचारीत नाही. पुढे केव्हातरी त्याचे खाते बंद होते. आणि चार-पाच वर्षे खपून जमविलेली टिपणे, मुलाखती, कोष्टके व पत्रव्यवहार एकतर नाहीसा होतो, नाहीतर कोणाच्याही हाती लागणार नाही अशा अवस्थेत पडून राहतो.

या हानीचे मूळ निष्काळजीपणात आहे असे सामान्यतः मानले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु खरे मूळ खाते या वस्तूच्या घडणीतच आहे. ‘खाते’ हा शब्द येथे काहीसा फसवा आहे. बँकेतील खात्यात पैसा ठेवणाऱ्याचा असतो आणि खाते बंद करताना तो त्याच्या हाती पडतो. संगणकावरील खात्यात मात्र तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच गाठीत बांधलेल्या असतात: अमुक व्यक्ती ती हीच, अशी ओळख; अमुक अमुक साधने वापरण्याची परवानगी; आणि त्या खात्यातून निर्माण झालेल्या फाइलींची मालकी. विद्यापीठाशी असलेला संबंध संपल्यावर पहिल्या दोन गोष्टी काढून घेणे सर्वथा योग्य होय; किंबहुना बंद न केलेले जुने खाते म्हणजे चोरास आयते उघडे ठेवलेले दार. तिसरी गोष्ट मात्र काढून घेण्याजोगी नसते, कोणाच्या तरी स्वाधीन करण्याजोगी असते. व्यवस्थेला हा भेद कळत नाही. ती गाठ एकदमच कापते.

ही गाठ कशी पडली हे पाहण्यासारखे आहे. 1961 च्या नोव्हेंबर महिन्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फर्नांडो कॉर्बातो व त्यांचे सहकारी यांनी एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करू देणारी पद्धती प्रथम दाखविली. यंत्राचा वेळ त्या काळी अतिशय महाग असल्यामुळे तो शिध्याप्रमाणे मोजून द्यावा लागे. ज्याला वेळ द्यावयाचा त्याची ओळख पटली पाहिजे, म्हणून परवलीचा शब्द आला; आणि एकाच्या फाइली दुसऱ्याने पाहू नयेत, म्हणून फाइलींवर धन्याची खूण आली. म्हणजे खाते हा मुळात शब्दशः हिशेबच होता. वेळेची टंचाई पुढे उरली नाही, परंतु ओळख आणि मालकी यांची जोडी कायम राहिली.

1969 पासून बेल लॅबोरेटरीजमध्ये आकारास आलेल्या युनिक्स या प्रणालीत, आणि तिच्याच धर्तीवर रचलेल्या लिनक्समध्ये, ही जोडी कशी राखली जाते हे समजून घेतल्यास पुष्कळसा उलगडा होतो. विद्यापीठांतील आकडेमोडीचे सर्व्हर बहुधा लिनक्सवरच चालतात. तेथे फाइलीवर धन्याचे नाव लिहिलेले नसते, क्रमांक लिहिलेला असतो. कोणता क्रमांक कोणाचा, याची यादी स्वतंत्र असते. खाते काढून टाकले की यादीतील ओळ जाते. फाइल मात्र, वेगळी पुसली नसेल तर, तशीच राहते आणि ज्याला नाव नाही अशा क्रमांकाच्या मालकीची होते. पुढे एखाद्या नव्या विद्यार्थ्यास अनवधानाने तोच क्रमांक दिला गेला, तर न मागता, न सांगता तो आपल्या पूर्वसूरींच्या सर्व फाइलींचा धनी बनतो. वारसा हक्काचा असा विलक्षण प्रकार दुसऱ्या कोणत्याही व्यवहारात आढळणार नाही.

याच प्रणालीचा दुसरा नियम असा की, सामान्य वापरकर्त्यास आपली फाइल दुसऱ्याच्या नावावर करून देता येत नाही. तो अधिकार प्रशासकाचा. परंतु ज्याला फाइल वाचता येते त्याला तिची प्रत करता येते, आणि जो प्रत करतो तो त्या प्रतीचा धनी होतो. यातूनच सोपा मार्ग निघतो. जाणाऱ्याने सुपूर्द करावयाच्या फाइली एका ठिकाणी आणून त्यांवर विभागाच्या गटास वाचण्याची परवानगी द्यावी, आणि मागे राहणाऱ्याने त्या उतरवून घ्याव्यात. दोघांनी मिळून हे काम क्वचितच एका दुपारहून अधिक घेते. एकाने निघून गेल्यानंतर मात्र त्यासाठी अर्ज, शिफारस आणि प्रशासकाची सवड यांची वाट पाहावी लागते. ज्या फाइली गुप्तलिपीत बंद करून ठेवल्या आहेत, त्यांच्या बाबतीत प्रशासकही हतबल असतो; किल्लीचा शब्द जाणाऱ्याबरोबर गेला की मजकूरही गेला.

गूगल अथवा मायक्रोसॉफ्ट यांच्या शैक्षणिक सेवांत फाइली विद्यापीठाच्या आवारातही नसतात. तथापि मालकीचे तत्त्व तेच आहे. एखाद्या संशोधक विद्यार्थ्याने स्वतःच्या ड्राइव्हमध्ये कोष्टक तयार केले आणि ते मार्गदर्शकास व सहाध्यायांस पाहावयास दिले, तर सर्वांच्या पडद्यावर ते सारखेच दिसते. त्यामुळे ते सर्वांचे आहे असा समज होतो. वस्तुतः धनी एकच असतो. त्याचे खाते काढताना प्रशासकाने मालकी दुसऱ्याकडे वळविली नाही, तर ते कोष्टक सर्वांच्याच पडद्यावरून जाते. विभागाने प्रश्नावलीसाठी काढलेला अर्जाचा नमुना अशाच एखाद्या उत्साही विद्यार्थ्याच्या खात्यात असेल, तर सर्वेक्षण अर्ध्यावर असताना तो बंद पडू शकतो. काढून टाकलेले खाते गूगलच्या व्यवस्थेत प्रशासकास 20 दिवसांपर्यंत, आणि मायक्रोसॉफ्टच्या व्यवस्थेत 30 दिवसांपर्यंत परत आणता येते. उन्हाळ्याची सुटी याहून मोठी असते, हे ध्यानात ठेवलेले बरे.

यावर उपाय त्या सेवांमध्येच आहे. गूगलच्या सामायिक ड्राइव्हमध्ये ठेवलेली फाइल कोणा एका व्यक्तीची नसते. सदस्य येतात-जातात, फाइल राहते. विभागाचे काम पहिल्या दिवसापासून अशा ठिकाणी झाल्यास निरोपाच्या वेळी करावयाचे फारसे उरत नाही. ते तसे झाले नसेल, तर विद्यापीठाच्याच दुसऱ्या खातेदाराकडे मालकी देता येते; बाहेरच्या खासगी खात्याकडे ती देता येत नाही, तेथे प्रतच न्यावी लागते. टेकआउट या सोयीने अशी प्रत मिळते. मात्र तिच्यात आधीच्या खर्ड्यांचा इतिहास येईलच असे नाही. कोणता परिच्छेद केव्हा बदलला हे ज्यास दाखवावे लागणार असेल, त्याने महत्त्वाचे खर्डे वेगळे उतरवून घ्यावेत.

येथे एका सापळ्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण त्यात जाणती माणसेही सापडतात. संगणकावर ड्राइव्हचे कपाट उघडून त्यातील सर्व फाइली पेनड्राइव्हवर ओढून घेतल्या की काम झाले, असे अनेकांस वाटते. वर्ड किंवा पीडीएफ फाइली अशा रीतीने खरोखरच येतात. परंतु गूगलच्याच दस्तऐवजांच्या आणि कोष्टकांच्या ठिकाणी जे येते ते केवळ पत्त्याची चिठ्ठी असते. मजकूर मूळ ठिकाणीच राहतो. खाते चालू असेपर्यंत चिठ्ठी उघडते आणि मजकूर दिसतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. खाते बंद झाल्यावर हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा उरतो. प्रत पडताळावयाची ती दुसऱ्याच संगणकावर, विद्यापीठाच्या खात्यात प्रवेश न करता आणि इंटरनेटची जोडणी काढून पडताळावी.

हा सर्व प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला, त्याला एक आर्थिक कारणही आहे. गूगलने शिक्षणसंस्थांना दिलेली अमर्याद साठवण बंद करीत असल्याचे 2021 च्या फेब्रुवारीत जाहीर केले आणि संस्थेमागे मूळची 100 टेराबाइट एवढी सामायिक मर्यादा घातली. त्यापूर्वी माजी विद्यार्थ्यांची खाती चालू ठेवण्यास विद्यापीठांना काही पडत नव्हते. त्यानंतर प्रत्येक जुने खाते जागा अडविणारे ठरले.

ईमेलची गोष्ट थोडी वेगळी आहे. जुनी पत्रे उतरवून घेणे कठीण नाही. कठीण आहे ते पत्त्यावर अवलंबून असलेल्या इतर व्यवहारांची आठवण ठेवणे. नियतकालिकांकडे लेख पाठविण्याची खाती, शिष्यवृत्तीची नोंद, बँकेचा पत्ता, अन्य संकेतस्थळांचे विसरलेले परवलीचे शब्द परत मिळविण्याची सोय, हे सारे विद्यापीठाच्या पत्त्यावर टांगलेले असते. तो पत्ता मेला की ही दारे एकामागून एक बंद होतात, आणि ती उघडण्याची किल्लीही त्याच मृत पेटीत पाठविली जाते. 2012 मध्ये सुरू झालेला ऑर्किड हा सोळा अंकी ओळख-क्रमांक संशोधकाबरोबर जन्मभर राहतो, संस्था बदलली तरी बदलत नाही. परंतु त्याही नोंदीत विद्यापीठाचा पत्ता तेवढा दिलेला असेल तर अडचण आहेच. दुसरा, स्वतःचा पत्ता तेथे आधीच घालून ठेवावा.

या मृत पत्त्यांचा विद्येवर काय परिणाम होतो, याचे मोजमाप झालेले आहे. टिमथी व्हाइन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 मध्ये ‘करंट बायॉलॉजी’त प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वनस्पती व प्राणी यांच्या शरीररचनेच्या मोजमापांवर आधारलेले, 2 ते 22 वर्षांपूर्वीचे 516 लेख घेऊन त्यांच्या लेखकांकडे मूळ सामग्री मागितली. लेखकाचा चालू पत्ता सापडण्याची शक्यता लेखाच्या वयाबरोबर दर वर्षी 7 टक्क्यांनी, आणि सामग्री अस्तित्वात असण्याची शक्यता दर वर्षी 17 टक्क्यांनी घटत असल्याचे त्यांना आढळले. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांमुळे प्रबंधाची प्रत शोधगंगेत जाते व टिकते. ज्या सामग्रीवर प्रबंध उभा आहे ती मात्र तेथे जातेच असे नाही.

मराठीतून लिहिणाऱ्यांपुढे आणखी एक अडचण आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलिखित केलेला मजकूर अद्याप विभागांच्या संग्रहांत विपुल आहे. या फाँटांत देवनागरी अक्षरांची वळणे रोमन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात; तो फाँट नसलेल्या संगणकावर पानभर निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. युनिकोडमध्ये देवनागरी 1991 च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे, आणि जुना मजकूर तीत आणणारी साधनेही मिळतात. परंतु रूपांतरात रफार, पहिली वेलांटी आणि ‘दुसऱ्या’ या शब्दातल्यासारखा अर्धा र हटकून बिघडतात. त्यातही बोलींचे नमुने असतील तर यंत्राची चूक कोणती आणि बोलणाऱ्याचा उच्चार कोणता, हे ज्याने ते नमुने टिपले त्यालाच सांगता येते. म्हणून हे रूपांतर व त्याचे मुद्रितशोधन जाणाऱ्याने जाण्यापूर्वीच करावयास हवे. पीडीएफमध्ये अक्षरांचे रूप टिकते, परंतु त्यातला शब्द शोधता येत नाही.

बोलींचा विषय निघालाच आहे, तर एक तुलना उद्बोधक ठरेल. अ. मा. घाटगे यांनी 1960 च्या दशकात मराठीच्या बोलींच्या पाहणीचे जे खंड प्रसिद्ध केले, ते ग्रंथालयात मागितले तर वाचावयास मिळतात. त्यानंतरच्या किती अभ्यासकांची ध्वनिमुद्रणे आज ऐकावयास मिळतील? वृद्ध निवेदकाचे निधन झाले असेल, तर ते मुद्रण पुन्हा करता येत नाही. म्हणून अशी सामग्री सुपूर्द करताना सोबत एक साधे वर्णनपत्र असावे: मुद्रण कोठे, केव्हा, कोणाचे, कोणत्या अटीवर. ही अट विशेष महत्त्वाची. निवेदकाने आपला आवाज संशोधनासाठी दिलेला असतो. तो ना केवळ विद्यार्थ्याचा, ना केवळ विद्यापीठाचा. नाव उघड न करण्याचे वचन दिले असेल, तर ते मुद्रण विद्यार्थ्याने खासगी खात्यात उचलून नेणे जितके अनुचित, तितकेच विभागाने ते सर्वांसाठी खुले करणेही अनुचित होय.

आतापर्यंतचे विवेचन ज्यांस विद्यापीठाचे खाते मिळते त्यांच्यापुरते झाले. तासिका तत्त्वावर शिकविणाऱ्या अध्यापकांस पुष्कळदा ते मिळतच नाही. ते प्रश्नपत्रिकांचे खर्डे, गुणांची कोष्टके, विद्यार्थ्यांचे निबंध स्वतःच्या खासगी खात्यात ठेवतात, कारण दुसरी जागा दिलेली नसते. अशा अध्यापकाची नेमणूक सत्राअखेर संपते तेव्हा विद्यापीठाचे कागद त्याच्याकडे राहतात, आणि ते मागण्याचा अधिकार कोणत्या तोंडाने बजावावा हे विभागास कळत नाही. जेथे असे खाते नाही तेथे अनेकदा विभागाचे एकच खाते असते व त्याचा परवलीचा शब्द सर्वांस ठाऊक असतो. दर वर्षी कोणीतरी जाते; शब्द तोच राहतो. तात्पुरत्या नेमणुकीच्या पत्राबरोबर तेवढ्याच मुदतीचे खाते देणे, आणि विभागाच्या खात्याचा शब्द सत्राच्या शेवटच्या दिवशी बदलणे, या दोन गोष्टींना खर्च जवळजवळ काहीच नाही.