जुना बोर्ड आणि धड्याची आवृत्ती

घरात इलेक्ट्रॉनिक्सला जाणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर 'एफपीजीए' हा शब्द कधी ना कधी तुमच्या कानावरून गेला असेल. बेळगाव हे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्य ठाणे. १९९८ साली विद्यापीठ स्थापन झाले आणि खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातली कितीतरी मुले या शाखेकडे वळली. त्यांच्या प्रयोगशाळेत बटणे, दिवे आणि मधोमध एक चौकोनी चिप असलेला बोर्ड असतो. एफपीजीए म्हणतात ते त्या चिपलाच.

मी मराठीचा प्राध्यापक. एम. ए. झालेल्या माणसाने या विषयात नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण माझी भाची. तिचे वडील धारवाडकडचे, त्यांच्याकडे कन्नड. आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, मराठी. पोरगी दोन्ही भाषांत भांडते आणि इंग्रजीत परीक्षा देते. गेल्या वर्षी तिच्या गटाला प्रोजेक्टसाठी कॉलेजच्या कपाटातला एक जुना बोर्ड मिळाला. तीन आठवडे झाले तरी त्यावरचा एक दिवासुद्धा पेटेना.

"मामा, धड्यात सांगितलंय तसंच सगळं केलं की हो! तरी होईना. मला हे जमायचंच नाही," असे म्हणून ती रडकुंडीला आली. तिचे अप्पा शांत स्वभावाचे. ते एवढेच म्हणाले, "आगल्ल अंद्र बिडु." तिच्या मैत्रिणीचे वडील निपाणीकडचे तंबाखूचे शेतकरी. त्यांनी तर नव्या बोर्डासाठी पाच आकडी रक्कम उसनी काढायची तयारी केली होती.

आम्हा भाषेच्या माणसांना एक सवय असते. ग्रंथ हातात घेतला की आधी आवृत्ती पाहायची. मी भाचीला विचारले, "बोर्ड कोणत्या सालचा आणि धडा कोणत्या सालचा?" बोर्ड निघाला २००६ च्या सुमाराचा. धडा होता अलीकडचा, दुसऱ्याच बोर्डासाठी लिहिलेला. तिने मुद्दाम नवा धडा शोधला होता. जितका नवा तितका चांगला, अशी आपल्या सगळ्यांचीच समजूत असते.

इथे थोडे चिपविषयी सांगायला हवे. साधी चिप कारखान्यातून जे काम घेऊन येते, तेच जन्मभर करते. एफपीजीएच्या आत मात्र हजारो लहान लहान तर्क-पेशी असतात आणि त्यांच्यातल्या जोडण्या विकत घेतल्यावर आपण ठरवायच्या असतात. आज तिच्यातून मोजणी करणारे यंत्र बनवा, उद्या चौकातल्या सिग्नलचे. झायलिंक्स कंपनीने १९८५ साली अशी पहिली चिप बाजारात आणली, तिच्यात फक्त ६४ पेशी होत्या. भाचीच्या बोर्डावरच्या स्पार्टन-३ई चिपमध्ये १०,४७६ आहेत. म्हणजे विद्यार्थ्याच्या प्रोजेक्टला ती आजही भरपूर झाली.

मग अडते कुठे? तर जोडण्या ठरवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये. झायलिंक्सचे जुने सॉफ्टवेअर आयएसई. त्याची शेवटची आवृत्ती, १४.७, २०१३ साली निघाली. त्याआधीच, २०१२ मध्ये, कंपनीने व्हिव्हाडो हे नवे सॉफ्टवेअर आणले होते. आजचे बहुतेक धडे व्हिव्हाडोचे. पण व्हिव्हाडो फक्त सातव्या मालिकेच्या आणि त्यानंतरच्या चिपना ओळखते. स्पार्टन-३ई किंवा स्पार्टन-६ त्याच्या यादीतच नाहीत. भाचीला यादीत आपली चिप दिसली नाही, म्हणून त्या पोरींनी त्यातल्या त्यात जवळची वाटणारी निवडली. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला झगा अंगात कसा शिरणार? यात मुलींच्या हुशारीचा प्रश्नच नव्हता.

तेव्हा पालकहो आणि विद्यार्थी मित्रहो, जुन्या बोर्डासाठी धडा शोधताना पहिली गोष्ट ही करा: बोर्डाचे नाव बाजूला ठेवून चिपवर छापलेला क्रमांक भिंगाखाली वाचा. 'एक्ससी३एस' आणि शेवटी 'ई' असेल तर स्पार्टन-३ई. 'ईपी२सी' असेल तर अल्टेरा कंपनीची सायक्लोन-२. 'ईपी४सीई' असेल तर सायक्लोन-४. चिपचे कूळ कळले की अर्धे काम झाले.

दुसरी गोष्ट, त्या कुळाला चालणारी शेवटची आवृत्ती. स्पार्टन-३ई आणि स्पार्टन-६ या दोघींना आयएसई १४.७. सायक्लोन-२ ला क्वार्टस-२ ची १३.० आवृत्ती, तिच्या पहिल्या सर्व्हिस पॅकसह. सायक्लोन-३ ला १३.१. सायक्लोन-४ मात्र भाग्यवान, २०१५ नंतरच्या क्वार्टस प्राइममध्येही ती चालते. त्यामुळे सायक्लोन-४ चा बोर्ड हाती असेल तर तुलनेने नवा धडाही उपयोगी पडतो. इतरांनी आपल्या आवृत्तीचाच धडा शोधावा, मग तो पंधरा वर्षांपूर्वीचा का असेना.

तिसरी गोष्ट संगणकाची, आणि ताजी माहिती लागते ती इथेच. आयएसई विंडोज ७ च्या काळातले. आजच्या लॅपटॉपवर ते सरळ चालवायला गेलात की कटकटी सुरू होतात. 'विंडोज १० साठी' म्हणून आयएसईचा एक संच नंतर निघाला, पण तो म्हणजे आभासी संगणकात बसवलेले लिनक्स आहे आणि तो फक्त स्पार्टन-६ पुरता आहे. स्पार्टन-३ई वाल्यांनी त्याच्या नादी लागू नये. त्यांनी आपण स्वतः आभासी संगणक उभारून त्यात लिनक्सवरचे पूर्ण आयएसई बसवावे आणि बोर्डाची यूएसबी केबल त्या आभासी संगणकाच्या हवाली करावी. नाहीतर एखादा जुना विंडोज ७ चा संगणक इंटरनेट न जोडता याच कामासाठी वेगळा ठेवावा. लिनक्सची भीती वाटत असेल, तर मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक धडे मराठीत आणि कन्नडमध्येही ऐकायला मिळतात. आमच्या घरी आईने मराठीतून ऐकले, अप्पांनी कन्नडमधून, आणि दोघेही मुलीला सूचना करू लागले! असो.

चौथी गोष्ट, पिनांचा पत्ता. चिपच्या कोणत्या पायावर कोणता दिवा जोडला आहे, हे एका वेगळ्या फाइलमध्ये लिहावे लागते. आयएसईमध्ये तिला यूसीएफ म्हणतात, व्हिव्हाडोमध्ये एक्सडीसी. दोघींची लिहिण्याची रीत वेगळी आणि प्रत्येक बोर्डाचे पत्ते वेगळे. स्पार्टन-३ई स्टार्टर बोर्डावर पहिली खटक्याची कळ एल१३ वर, पहिला दिवा एफ१२ वर आणि घड्याळाचा ठोका सी९ वर येतो. हे पत्ते बोर्डाबरोबर आलेल्या मूळ पुस्तिकेतूनच घ्यावेत. पहिला प्रयोगही छोटाच करावा: कळ वर केली की दिवा लागावा, बस्स. एवढे जमले म्हणजे सॉफ्टवेअर, केबल आणि पत्ते, तिन्ही ठीक आहेत असे समजावे.

आता राहिले धड्यातले ते भाग, जे जुने होत नाहीत. व्हेरिलॉग आणि व्हीएचडीएल या चिपचे वर्णन करण्याच्या भाषा १९८० च्या दशकातल्या. त्यांचे मूळ व्याकरण आजही तेच आहे. म्हणून भाषा शिकण्यासाठी नवा धडा खुशाल घ्या. एनपीटीईएलवर खरगपूर आयआयटीचे प्रा. इंद्रनील सेनगुप्ता यांचा व्हेरिलॉगचा पाठ आहे, त्याला कोणत्याच बोर्डाचे बंधन नाही. फक्त आकडे तपासून घ्या. बेसिस-३ या नव्या बोर्डाचे घड्याळ सेकंदाला १० कोटी ठोके देते, आपल्या जुन्याचे ५ कोटी. नव्या धड्यातली दिवा लुकलुकवण्याची कृती जशीच्या तशी उतरवली, तर दिवा लागेल, पण निम्म्या गतीने. स्वयंपाकात दुसऱ्याच्या वाटीचे माप आपल्या वाटीला लावण्यासारखेच हे.

पुस्तकांचेही तसेच. पाँग चू यांचे व्हीएचडीएलच्या उदाहरणांचे पुस्तक २००८ साली आले, ते स्पार्टन-३ साठी होते. २०१७ ची दुसरी आवृत्ती नव्या चिपसाठी लिहिलेली. ग्रंथालयात दोन्ही असतील तर जुन्या बोर्डवाल्याने पहिली उचलावी. आणि नावांनी गोंधळू नये. अल्टेराचे एसओपीसी बिल्डर हे साधन जाऊन क्यूसिस आले, त्याचेच पुढे प्लॅटफॉर्म डिझायनर झाले. अल्टेरा २०१५ मध्ये इंटेलकडे गेली आणि २०२५ मध्ये तिची ५१ टक्के मालकी सिल्व्हर लेककडे आली. झायलिंक्स २०२२ मध्ये एएमडीकडे गेली. लग्न होऊन आडनाव बदलले म्हणून मुलगी बदलत नाही, पण जुन्या पत्त्यावर ती सापडतही नाही.

एकनाथमहाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, तेव्हा त्यांनी नवी ज्ञानेश्वरी लिहिली नाही. मध्यंतरीच्या काळात शिरलेले पाठभेद तेवढे दूर केले. जुन्या बोर्डाचा 'अद्ययावत धडा' याच रीतीने तयार होतो, असे मला वाटते. मूळ धडा त्याच्या काळचाच ठेवायचा आणि संगणक, केबल, फाइलची जागा यांत जे बदलले तेवढेच समासात लिहायचे.

भाचीच्या गटाने तेच केले. चौघींनी मिळून एक शंभर पानी वही घातली. पहिल्या पानावर चिपचा क्रमांक, सॉफ्टवेअरची आवृत्ती, संगणकाची मांडणी आणि पिनांचे पत्ते. पुढे एकेक प्रयोग, निम्मा मराठीत, निम्मा कन्नडमध्ये, तांत्रिक शब्द जसेच्या तसे. उसनवारी झाली नाही, प्रोजेक्ट वेळेत झाला आणि भाची शाखेतच राहिली. अप्पांनी बोर्डावरचा लुकलुकणारा दिवा पाहिला आणि म्हणाले, "आत नोडु!"

आपल्या भागातल्या कॉलेजांच्या कपाटांत असे कितीतरी बोर्ड धूळ खात पडले असतील. प्रत्येक बोर्डाच्या डब्यात अशी एक वही ठेवायला खर्च काहीच येत नाही. विभागाने पुढच्या तुकडीकडून ती दरवर्षी तपासून घ्यावी, बदललेल्या ओळीखाली तारीख घालावी. आणि घरातले मूल "मला जमत नाही" म्हणू लागले, तर आई-वडिलांनी नव्या खरेदीच्या आधी आणि नाद सोडण्याच्याही आधी एवढेच विचारावे: "बाळ, धडा कोणत्या आवृत्तीचा आहे?"