ग्रंथालये, रंगभूमी आणि इंटरनेट : सरकारने कोठे असावे?

सरकारच्या सांस्कृतिक धोरणाविषयी लोकांत जी कुरकुर ऐकू येते ती बहुधा तीन ठिकाणांहून येते. ग्रंथालयाचे चिटणीस म्हणतात, अनुदान पुरत नाही आणि वेळेवर येत नाही. नाटकवाले म्हणतात, प्रयोगाआधी संहिता दाखवून परवानगी आणायची ती कशासाठी? आणि आईबाप म्हणतात, पोराच्या हातात फोन आहे, त्यावर काय येते ते आम्हांला कळत नाही, सरकार काही करील की नाही? पहिल्याला सरकार अधिक हवे आहे, दुसऱ्याला ते कमी हवे आहे, आणि तिसऱ्याला किती हवे हेच ठरवता येत नाही. वरवर पाहता ह्या तक्रारींचा एकमेकींशी संबंध नाही. आमच्या मते तो आहे, आणि तो ग्रंथालयाच्या टेबलामागे बसणाऱ्या माणसापाशी येऊन मिळतो. म्हणून आरंभ ग्रंथालयांपासून करतो.

महाराष्ट्रातील ग्रंथालये सरकारने काढलेली नाहीत, ती गावांनी काढली. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघाले आणि मुंबईचे १८९८ साली. जुन्यांपैकी काहींना प्रारंभी इंग्रज अधिकाऱ्यांचे प्रोत्साहन मिळाले हे खरे. पण पुढे ती टिकली ती वर्गणीवर, देणग्यांवर आणि संध्याकाळी कचेरीतून सुटून फुकट राबणाऱ्या मंडळींवर. ज्या व्याख्यानमालांना आपण दर वसंतात जमतो, त्यांतल्या कित्येक ह्याच ग्रंथालयांनी चालविल्या आहेत. आजही आपल्याकडील बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये नोंदणीकृत संस्थांच्या मालकीची आहेत. सरकार त्यांना मान्यता देते आणि अनुदान देते. शेजारच्या कर्नाटकात किंवा तामिळनाडूत सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे सरकारी यंत्रणेने चालविलेले ग्रंथालय. हा फरक नीट ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा हिशेब कळणार नाही.

सरकारने ग्रंथालयाला हात द्यावा आणि तरीही ते गावाचेच राहावे, ह्याचा एक उत्तम नमुना एका मराठी राजाने घालून दिला होता. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बोर्डेन ह्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावले आणि राज्यभर ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. त्यातील खेड्यांसाठीचा नियम साधा होता. गावाने जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच दरबाराने द्यावी. गावाचा तिसरा हिस्सा असल्यामुळे गावाला पुस्तकांची काळजी असे, आणि दोन हिस्से बाहेरून ठरलेले असल्यामुळे चिटणिसाला दरसाल कोणाच्या दारात उभे राहावे लागत नसे. जेथे ग्रंथालय काढणे शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या पेट्या फिरत. शंभर वर्षांपूर्वीची ही योजना. तिच्यात न समजण्यासारखे काही नाही.

पुढे कायदे आले. कोल्हापूर संस्थानाने १९४५ साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. हिंदुस्थानातला असा तो पहिला. स्वातंत्र्यानंतरचा पहिला मद्रासचा, १९४८ चा, आणि त्यामागे डॉ. रंगनाथन यांचे श्रम होते. मद्रासच्या कायद्याचा गाभा म्हणजे ग्रंथालय-कर. घरपट्टीच्या प्रत्येक रुपयामागे काही पैसे ग्रंथालयांसाठी बाजूला काढायचे. म्हणजे मंत्री कोण आहे, त्याला वाचनाची आवड आहे की नाही, ह्यावर ग्रंथालयाचे पोट अवलंबून राहत नाही. महाराष्ट्राचा कायदा झाला १९६७ साली. त्याने ग्रंथालय संचालनालय दिले, राज्य ग्रंथालय परिषद दिली, जिल्हा समित्या दिल्या. कर मात्र दिला नाही. पैसा सरकारने दरसाल आपल्या अंदाजपत्रकातून द्यावा असे ठरले. आमच्या मते आजच्या निम्म्याहून अधिक तक्रारींचे मूळ ह्या एका गोष्टीत आहे. मात्र करानेही सर्व काही साधते असे नव्हे. कर्नाटकात ग्रंथालयांसाठी गोळा झालेला कर शहरांनी ग्रंथालय खात्याकडे भरलाच नाही, अशी ओरड वारंवार झाली आहे. कर बसवणे सोपे, तो ज्याच्यासाठी बसवला त्याच्या हाती पडेल असे करणे अवघड.

आता आकड्यांकडे वळू. मान्यताप्राप्त ग्रंथालयांचे अ, ब, क आणि ड असे वर्ग आहेत. पुस्तके किती, सभासद किती, नियतकालिके किती, ग्रंथालय किती वेळ उघडे असते, ह्यांवरून वर्ग ठरतो आणि वर्गावरून अनुदान. राज्यात अशी ग्रंथालये सुमारे १२ हजार, आणि त्यांतली खेडोपाडीची पुष्कळशी ड वर्गातली. २०१२ साली अनुदान वाढले तेव्हा ड वर्गाच्या वाट्याला वर्षाला ३० हजार रुपये आले. त्यातले निम्मे वेतनासाठी आणि निम्मे पुस्तके, वर्तमानपत्रे, भाडे, वीज इत्यादींसाठी, असा दंडक. म्हणजे वेतनासाठी वर्षाला १५ हजार. महिन्याला साडेबाराशे. पुढची वाढ व्हायला दहा वर्षे जावी लागली. ती ६० टक्क्यांची होती, आणि वाढ ह्या शब्दाने ज्यांना समाधान वाटते त्यांना ती मोठी वाटली असेल. गणित करून पाहावे. तीस हजारांचे अठ्ठेचाळीस हजार झाले. वेतनाच्या वाट्याला चोवीस हजार. महिन्याला दोन हजार रुपये. एवढ्या पैशांत जो मनुष्य मिळतो तो एकतर ग्रंथवेडा असतो किंवा दुसरे काही काम मिळेपर्यंत थांबलेला असतो. पहिल्या प्रकारच्या माणसांच्या जिवावर महाराष्ट्राची ग्रंथालये उभी आहेत. पण सरकारी धोरण त्यांच्या वेडावर बेतलेले असावे ही गोष्ट आम्हांस शोभादायक वाटत नाही.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. २०१२ सालीच महसूल खात्यामार्फत ग्रंथालयांची पडताळणी झाली, तेव्हा काही ग्रंथालये फक्त कागदावर असल्याचे दिसून आले. कोठे फलक होता पण पुस्तके नव्हती, कोठे कपाट होते पण किल्ली सापडत नव्हती. सार्वजनिक पैशाला अशी वाट फुटली तर सरकारने हात आखडता घ्यावा हे स्वाभाविक आहे. पण हात आखडला तो कोणावर? नव्या ग्रंथालयांना मान्यता देणे बंद झाले आणि कित्येक वर्षे बंद राहिले. खोट्यांना शिक्षा व्हायच्या ऐवजी जी अजून जन्मालाच आली नव्हती त्यांना झाली. ज्या गावातील तरुणांनी ह्या काळात खरोखरच ग्रंथालय काढले, त्यांनी कोणता गुन्हा केला होता?

आता रंगभूमीकडे थोडे पाहू. थोडेच, कारण ह्या विषयावर पुष्कळ बोलून झाले आहे. नाट्यप्रयोगांवरचा सरकारी अंकुश इंग्रजांनी १८७६ साली कायद्याने आणला. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० साली बंदी आली ती त्याच जातीची. तो मध्यवर्ती कायदा अलीकडे रद्द झाला. पण महाराष्ट्रात नाटकांची आगाऊ तपासणी चालत आली आहे ती मुंबई पोलीस अधिनियमाखालील नियमांनुसार, परिनिरीक्षण मंडळाकडून. मौज अशी की १९५० च्या दशकात ज्या सरकारने हे मंडळ नेमले, त्याच सरकारने त्याच दशकात राज्य नाट्यस्पर्धाही सुरू केली. तिने मराठी रंगभूमीला कित्येक लेखक आणि नट दिले. एका हाताने दिवा लावला आणि दुसऱ्या हाताने ज्योत किती उंच असावी ते ठरवायला माणूस बसवला. तेंडुलकरांच्या ‘सखाराम बाइंडर’च्या वेळी, १९७२ साली प्रयोग बंद पडल्यावर, कमलाकर सारंगांना न्यायालयात जावे लागले आणि न्याय त्यांच्या बाजूने झाला. २०१६ साली अमोल पालेकरांनी ह्या आगाऊ तपासणीलाच उच्च न्यायालयात आव्हान दिले. चित्रपटालाही प्रमाणपत्र लागते, मग नाटकाचीच तक्रार का, असे कोणी विचारतात. उत्तर एवढेच की नाटक दररोज नव्याने घडते, आणि कादंबरी छापण्यापूर्वी ती पोलीस कायद्याखाली कोणाला दाखवावी लागत नाही. गुन्हा घडला तर खटला भरण्यास कायदे पुरेसे आहेत.

तिसरा विषय इंटरनेटचा. येथे आईबापांची भीती खरी आहे. तिला हसण्यात अर्थ नाही. फसवणूक, छळ, चोरून पसरवलेली छायाचित्रे, अनोळखी माणसांची सलगी ह्या गोष्टी रोज घडतात. प्रश्न उपायाचा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने ६६-अ हे कलम आले. ‘अत्यंत आक्षेपार्ह’, ‘उपद्रवकारक’ असा मजकूर पाठविणे हा त्याने गुन्हा ठरला. आक्षेपार्ह म्हणजे काय, ते मात्र कोणीच सांगितले नाही. २०१२ च्या नोव्हेंबरात पालघरमध्ये मुंबई बंदविषयीच्या एका साध्या मजकुरावरून दोन तरुणींना अटक झाली. त्यातल्या एकीने तर तो मजकूर आवडल्याची खूण तेवढी केली होती. देशभर गहजब झाला, आणि २०१५ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यानंतरही कित्येक वर्षे पोलीस ठाण्यांत त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदविले जात होते, आणि न्यायालयाला पुन्हा बजावावे लागले. सैल शब्दांचा कायदा असा चिवट असतो. सरकारविषयीची कोणती बातमी खोटी हे सरकारनेच ठरवावे, अशी तरतूद २०२३ साली नियमांत झाली. तीही २०२४ साली मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केली.

ह्या कायद्यांनी मूल सुरक्षित झाले काय? आमच्या मते त्यांचा मुलाशी फारसा संबंध नव्हता. ज्या कायद्याचा आहे तो २०२३ चा, वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकाची पडताळता येईल अशी संमती घेतली पाहिजे, असे तो म्हणतो. हेतू चांगला आहे. पण ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापापेक्षा मुलालाच अधिक कळतो, तेथे संमती कोण कोणाला देणार? खेड्यात तर आईच मुलीला विचारते, ह्यावर बोट लावू का ग? ऑस्ट्रेलियाने २०२४ साली कायदा करून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास बंदी केली आणि २०२५ च्या डिसेंबरपासून ती अमलात आणली. त्याचे फळ काय येते ते पाहायला हवे. परंतु बंदी करता येते ती खात्यांवर. समज देण्यास माणूस लागतो.

आणि येथे आम्ही आरंभी म्हटलेला मुद्दा येतो. अमेरिकेत २००० साली एक कायदा झाला. ज्या सार्वजनिक ग्रंथालयांना केंद्र सरकारची ठराविक मदत हवी, त्यांनी आपल्या संगणकांवर अश्लील चित्रे अडवणारी चाळणी बसवली पाहिजे, असा तो कायदा. ग्रंथपालांच्या संघटनेनेच त्याविरुद्ध दावा लावला. चाळणी आंधळी असते, रोगांची व शरीराची माहितीही अडवते, असे त्यांचे म्हणणे. २००३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. पण बहुमतातील काही न्यायाधीशांच्या मनात एक गोष्ट महत्त्वाची ठरली. प्रौढ वाचकाने विनंती केली तर ग्रंथपाल चाळणी काढून देऊ शकतो. म्हणजे एवढ्या कडक कायद्यानेसुद्धा एक माणूस गृहीत धरला होता. टेबलापाशी बसलेला, येणाऱ्याला ओळखणारा, काय दाखवावे आणि काय नको ह्याचा विचार करू शकणारा.

आपल्याकडे तो माणूस महिना दोन हजार रुपयांत बसवला आहे. ग्रंथालयांत संगणक देण्याच्या योजना निघतात, राजा राममोहन राय प्रतिष्ठान १९७२ पासून पुस्तकांना व साधनांना साहाय्य देत आले आहे, आणि हे सर्व चांगलेच आहे. पण वस्तूंसाठी पैसा निघतो आणि माणसासाठी निघत नाही. फसवणुकीचा फोन आला तर १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब कळवावे, पोलीस म्हणवणाऱ्याने चित्रफितीवरून ‘डिजिटल अटक’ केली असे सांगितले तर अशी अटक कायद्यात नाहीच, मुलीचे छायाचित्र कोणी पसरवले तर लाजेने गप्प न बसता तक्रार कशी करावी, ह्या गोष्टी सांगायला गावात सर्वांत योग्य जागा कोणती? पोलीस चौकीत बायका जात नाहीत. शाळा चार-पाच वाजता सुटते. वाचनालय संध्याकाळी उघडे असते, तेथे जात विचारली जात नाही, आणि तेथे जायला कारण लागत नाही.

सबब आमची मागणी मोठी नाही. बडोद्याचा तिसऱ्या हिश्श्याचा नियम पुन्हा काढावा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतून एक लहान भाग ग्रंथालयासाठी राखावा आणि तो त्याच गावच्या ग्रंथालयाला त्याच वर्षी मिळाला की नाही हे ग्रामसभेत वाचून दाखवावे. आणि वेतनाचा हिस्सा पुस्तकांच्या हिश्श्याशी न बांधता किमान वेतनाशी बांधावा. तोवर एक काम कोणाही सभासदाला करता येण्यासारखे आहे. ग्रंथालयाची वार्षिक सभा असते, तिला बहुधा पंधरा माणसे येतात, आणि जमाखर्च वाचला जात असताना चहा येतो. त्या वेळी उभे राहून दोन आकडे विचारावेत. अनुदानाचा हप्ता कोणत्या महिन्यात आला, आणि ग्रंथपालाच्या हातात दरमहा किती रुपये पडले.