तप्त हायड्रोजन आणि भट्टीची वीट

इंदूरच्या छत्रीबागेत होळकर घराण्यातील व्यक्तींच्या दगडी छत्र्या उभ्या आहेत. त्यांनी आजवर माळव्याचे ऊनपाऊस सोसले, यात नवल नाही. दगडातील सिलिकॉनचे प्राणवायूशी संयोग होणे केव्हाच पुरे झालेले असते. हवेला त्याच्यावर अधिक काही करता येत नाही. भट्टीची वीट आगीत टिकते, तीही पुष्कळशी याच कारणाने. परंतु हवेच्या जागी तापलेला हायड्रोजन आला की सारा हिशेब उलटतो. हवा प्राणवायू देऊ पाहते, तर हायड्रोजन तो काढून घेऊ पाहतो.

इंदुरातून जाणाऱ्या आग्रा-मुंबई रस्त्यानेच उत्तरेस गेले की गुना जिल्हा लागतो. तेथे विजयपूरच्या खत कारखान्यात १९८८ साली उत्पादन सुरू झाले. अशा कारखान्यांत नैसर्गिक वायू व वाफ यांपासून हायड्रोजन मिळवतात, हवेतील नत्रवायूशी त्याचा संयोग करून अमोनिया आणि पुढे युरिया करतात. या क्रियेच्या एका पात्रात उष्णतामान सुमारे १००० अंश सेल्सियस आणि दाब हवेच्या सुमारे तीसपट असतो. पात्र पोलादाचे, त्याला आतून अस्तर विटेचे अथवा तशाच काँक्रीटचे.

येथे साधी अग्निवीट चालत नाही. तिच्यात निम्मी किंवा त्याहून अधिक सिलिका असते. हायड्रोजन तिच्यातील थोडा प्राणवायू हिरावतो, की उरलेले संयुग वायुरूपाने निघून जाते. दाबाखालची वाफही सिलिका उचलून नेते. वीट वरून धड दिसते, आतून पोकळ होते. वाहून गेलेली सिलिका पुढे बॉयलरच्या थंड नळ्यांवर पुन्हा घट्ट बसते. खरे भय याहून मोठे आहे. अस्तर खचले की पोलाद तापते, हायड्रोजन त्यात शिरून त्यातील कार्बनशी संयोग पावतो, मिथेन होतो आणि पोलादाला आतूनच तडे जातात.

म्हणून अ‍ॅल्युमिनाची वीट घ्यावी लागते. सिलिका अर्ध्या टक्क्याच्या आत. अ‍ॅल्युमिनियमची प्राणवायूवरील पकड सिलिकॉनहून घट्ट असते. वीट महाग पडते, पण येथील काटकसर परवडणारी नव्हे. सच्छिद्र विटेची आणखी एक अडचण अशी की तिच्या छिद्रांत हायड्रोजन भरतो आणि तो हवेच्या सुमारे सातपट उष्णता वाहतो. हवेत पुरेशी ठरणारी जाडी येथे अपुरी पडते.

अ‍ॅल्युमिनाही अभेद्य नाही. याहून पुष्कळ अधिक उष्णतेत, अगदी कोरड्या हायड्रोजनमध्ये, तोही झिजू लागतो. खतांच्या कारखान्यांत पात्राला बाहेरून उष्णतेने रंग पालटणारा लेप देण्याची पद्धत आहे. त्यावर डाग उमटला की आत कोठे अस्तर खचले, ते बाहेरून कळते.