घर पाडण्याआधी बापूकुटी पाहून या

उन्हाळवाही आटोपली की आपल्याकडे घराचे काम निघते. मागच्या उन्हाळ्यात माती परीक्षणाचे नमुने घ्यायला घाटंजी तालुक्यातल्या एका गावी गेलो होतो. ओट्यावर चहा घेताना घरधनी म्हणाले, "सायेब, दोन सालाखाली भितीले शिमिट लावलं. आता फुगून पापुद्रे पडून रायले. पाडून टाकू का सारं?"

मी म्हटले, "काका, घाई करू नका. आधी सेवाग्रामला जाऊन बापूकुटी पाहून या. सकाळी निघाले तर संध्याकाळी घरी."

तिथे दर्शनाला तर जाच, पण घर पाहायलाही जा. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. तेव्हा गावाचे नाव शेगाव होते, १९४० मध्ये ते सेवाग्राम झाले. जमीन जमनालाल बजाज यांची. पहिले घर बांधले ते आदिनिवास. आज आपण जिला बापूकुटी म्हणतो, ती मुळात मीराबेन यांची झोपडी. गांधीजी तिथे राहायला गेले तेव्हा ती वाढवली, सोयीप्रमाणे बदलली, न्हाणीची सोय केली. म्हणजे एवढ्या नावाजलेल्या घरातही फेरबदल झालेच! पण जुने मातीचे, तर नवेही मातीचेच. बांबू, लाकूड आणि कवेलूच वापरले. भिंतीवर मीराबेन यांनी उठवलेली झाडे आणि चरखा आजही दिसतो.

तिथे काय पाहावे?

छपराच्या वळचणी किती खाली आणल्या आहेत ते पाहा. पावसाचा मारा भिंतीवर येत नाही. सभोवती पडवी आहे, त्यामुळे उन्हाची तिरीप आत शिरत नाही. कवेलूंच्या फटींतून गरम हवा निघून जाते. मातीची भिंत ओल घेते आणि सोडतेही.

आपण कुठे चुकतो?

काकांची चूक इथेच झाली. मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते. भिंत फुगते, गिलावा सुटतो आणि सोबत मातीही घेऊन पडतो. पांढरी माती, कुटार आणि शेण कुजवून केलेला गिलावाच अशा भिंतीला मानवतो. दरवर्षी हात फिरवावा लागतो, हे खरे. पण तो खर्च मजुरीचा आहे, कर्जाचा नाही.

दुसरी चूक टिनाची. कवेलू फेरायला माणूस मिळत नाही म्हणून आपण टिन टाकतो. मग मे महिन्यात घरात बसवत नाही. टिन टाकायचेच असेल तर खाली बांबूच्या तट्ट्याचा माळा करा, त्यावर मातीचा थर द्या आणि वरची हवा जायला दोन्ही टोकांना झरोके ठेवा. भिंतीच्या पायथ्याशी पाणी साचू देऊ नका. मातीचे घर वरच्या पावसाने कमी आणि खालच्या पाण्याने जास्त पडते.

एका गोष्टीला जागाच नव्हती

आपल्या वाडवडिलांनी धान्याला ढोला केला, ज्वारीला पेव खणले, बैलांना कोठा बांधला. कीटकनाशकाला मात्र जागा केली नाही, कारण तेव्हा ते घरात येतच नव्हते. आज डबा येतो आणि फळीवर तेलाच्या पिंपाशेजारी बसतो. कुठे पलंगाखाली जातो. २०१७ च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसवर जीव गेले. ते शेतात घडले, पण तोच डबा घरात लेकरांच्या हाताला लागतो, हे विसरू नका. घरात दुसरा कोणताही बदल नंतर करा, हा आधी करा: घराबाहेर, चुलीपासून आणि धान्यापासून दूर, कुलपाचे एक लहान कपाट. किल्ली एकाकडेच. रिकामा डबा पाणी प्यायला वापरू नका, ठेचून नष्ट करा.

काका जाऊन आले. सिमेंट खरवडले, मातीचा गिलावा केला. यंदा पावसाळ्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा भिंत कोरडी होती. कोठ्याबाहेरच्या कपाटाला कुलूप होते आणि किल्ली काकूंच्या कमरेला.

घर पाडायला एक दिवस पुरतो. त्याआधी एक दिवस सेवाग्रामला द्या.