विश्लेषण : क्रूझच्या तिकिटात जेवण आणि मनोरंजन असते, मग शेवटच्या दिवशी बिल कशाचे येते?

दिवाळी आणि नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की मुंबई-गोवा क्रूझच्या जाहिराती मोबाइलवर दिसू लागतात. ‘राहणे, जेवण, मनोरंजन सर्व समाविष्ट’ ही ओळ त्यात ठळक असते. ती खोटी नसते, पण पुरेशीही नसते. वेगळे पैसे लागणाऱ्या गोष्टींची यादी खाली बारीक अक्षरांत असते आणि ती बहुतेक जण जहाजावर चढल्यावरच वाचतात. चार जणांच्या कुटुंबाचे सहलीचे बजेट इथेच कोलमडू शकते. क्रूझवर नेमके काय मिळते, कशाचे पैसे लागतात आणि पैशांपेक्षाही महत्त्वाच्या कोणत्या गोष्टी आधी माहीत हव्यात, त्याचा हा आढावा.

मुंबईतून कोणत्या क्रूझ सुटतात?

मागच्या पिढीला समुद्रप्रवास माहीत होता तो कोकणच्या बोटीचा. भाऊच्या धक्क्यावरून बोटीत बसायचे आणि रत्नागिरी, मालवण किंवा वेंगुर्ला गाठायचे. गावी पोहोचणे एवढाच त्या प्रवासाचा हेतू असे. क्रूझचे उलटे आहे. इथे जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण असते आणि बंदर म्हणजे वाटेतला थांबा.

ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर ‘आंग्रिया’ सुरू झाली. २०१९ मध्ये जलेश कंपनीची ‘कर्णिका’ आली, पण करोनाकाळात कंपनीच बंद पडली आणि जहाज अलंगला भंगारात निघाले. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाची ‘एम्प्रेस’ मुंबईतून धावू लागली. सुरुवातीला तिच्या तिकीटविक्रीत आयआरसीटीसी भागीदार होती. गोवा, लक्षद्वीप, कोची असे तिचे मार्ग राहिले आहेत. हे जहाज १९९० मध्ये फ्रान्समध्ये बांधले गेले. सुमारे २११ मीटर लांबीचे हे जहाज पूर्वी अमेरिकेतील रॉयल कॅरिबियन कंपनीच्या ताफ्यात होते.

पश्चिम किनाऱ्यावर क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे असतो. पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो. म्हणूनच जून २०२३ मध्ये ‘एम्प्रेस’ चेन्नईहून श्रीलंकेच्या फेऱ्यांवर गेली होती. सरकारने ३० सप्टेंबर २०२४ रोजी ‘क्रूझ भारत मिशन’ जाहीर केले. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवाशांची संख्या दुप्पट करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झाले.

तिकिटात कोणते जेवण मिळते?

बहुतेक जहाजांवर तिकिटात दोन प्रकारचे जेवण असते. पहिले बुफे. नाश्ता, दुपारचे जेवण, संध्याकाळचा चहा आणि रात्रीचे जेवण ठरलेल्या वेळेत हवे तेवढे घेता येते. दुसरे मुख्य रेस्टॉरंट. तिथे टेबलावर बसून मेन्यूतून पदार्थ मागवता येतात. अनेक कंपन्या रात्रीच्या जेवणाच्या दोन पंगती ठेवतात, एक साधारण सहाच्या सुमारास आणि दुसरी आठ-साडेआठला. रात्री नऊनंतर जेवायची सवय असलेल्यांनी बुकिंग करतानाच दुसरी पंगत मागावी. सोबत लहान मुले किंवा ज्येष्ठ असतील तर पहिली सोयीची.

भारतातून सुटणाऱ्या जहाजांवर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. सिंगापूरहून सुटणाऱ्या, भारतीय पर्यटकांत लोकप्रिय असलेल्या ‘गेंटिंग ड्रीम’वरही भारतीय जेवण मिळते. युरोप-अमेरिकेतील जहाजांवर मात्र जैन जेवण, ॲलर्जी किंवा मधुमेहाचा आहार यांची नोंद प्रवासाच्या बऱ्याच आधी करावी लागते. जहाज भर समुद्रात बाजारहाट करू शकत नाही. किराणा, भाजी, दूध बंदरातच भरून घेतले जाते. त्यामुळे ऐनवेळी केलेली मागणी पूर्ण होईलच असे नाही.

घरचा डबा न्यायचा विचार असेल तर नियम तपासावेत. घरी शिजवलेले अन्न बहुतेक कंपन्या वर नेऊ देत नाहीत. चिवडा, चकलीची सीलबंद पाकिटे सहसा चालतात. इस्त्री, विजेची किटली, छोटी शेगडी मात्र तपासणीत काढून घेतली जाते. जहाजावर आगीइतका मोठा धोका दुसरा नाही. स्वयंपाकघरातही उघडी ज्योत टाळून विजेच्या शेगड्या वापरल्या जातात.

मग पैसे कुठे लागतात?

जहाजावर रोख व्यवहार जवळपास नसतात. केबिनची चावी म्हणून दिलेले कार्डच पैसे देण्यासाठी वापरले जाते. त्यावर झालेला खर्च खात्यात जमा होत जातो आणि शेवटच्या दिवशी एकत्र बिल येते. नोटा मोजाव्या लागत नाहीत, म्हणून खर्च जाणवत नाही. साधारणपणे या गोष्टी तिकिटाबाहेर असतात :

• मद्य, बाटलीबंद शीतपेये आणि बऱ्याचदा चांगली कॉफीसुद्धा
• खास रेस्टॉरंट, उदाहरणार्थ चिनी, जपानी किंवा स्टेकहाउस
• स्पा, सलून, कॅसिनो आणि काही खेळ
• वायफाय
• बंदरावरच्या सहली
• फोटोग्राफरने काढलेले फोटो
• टिप किंवा सेवाशुल्क
• डॉक्टरची फी आणि औषधे

पेयांच्या पॅकेजमध्ये अनेक जण फसतात. काही मोठ्या कंपन्यांत एका प्रौढाने मद्याचे पॅकेज घेतले तर त्याच केबिनमधल्या इतर प्रौढांनाही ते घ्यावे लागते. पती घेणारा आणि पत्नी न घेणारी असेल तरी पैसे दोघांचे. शिवाय प्रत्येक पेयावर १८ ते २० टक्के सेवाशुल्क आपोआप लागण्याची पद्धत अमेरिकी जहाजांवर आहे.

जाहिरातीतला दरही नीट वाचावा. तो बहुधा ‘प्रतिव्यक्ती’ आणि ‘एका केबिनमध्ये दोघे’ असे धरून दिलेला असतो. कर आणि बंदर शुल्क वेगळे असू शकते. एकट्याने जाणाऱ्याला केबिनसाठी जवळपास दुसऱ्या माणसाचेही पैसे मोजावे लागू शकतात. सर्वांत कमी दर बिनखिडकीच्या, आतल्या केबिनचा असतो. बाल्कनीतून समुद्र पाहण्याचे फोटो त्या दरातले नसतात.

कंपन्या तिकीट स्वस्त का ठेवतात?

जहाज अर्धे रिकामे सुटले तरी इंधन, पगार, बंदर शुल्क यांचा खर्च फारसा कमी होत नाही. त्यामुळे दर कमी ठेवून केबिन भरायच्या आणि प्रवासी जहाजावर आल्यावर कमवायचे, असे हे गणित आहे. जगातील सर्वांत मोठी क्रूझ कंपनी कार्निव्हल हिचे २०२३ चे उत्पन्न सुमारे २,१६० कोटी डॉलर होते. त्यातले सुमारे ७५० कोटी डॉलर तिकिटांतून आले नव्हते. ते जहाजावरील आणि इतर विक्रीतून आले. म्हणजे साधारण तिसरा हिस्सा.

दिवसभर करायचे काय?

पोहण्याचा तलाव, जिम, संध्याकाळचे नाट्यगृहातले कार्यक्रम, संगीत, नाच, मुलांसाठीचा खेळविभाग या गोष्टी सहसा तिकिटात येतात. मोठ्या जहाजांवर याचे प्रमाण थक्क करणारे आहे. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्या सफरीवर निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ ३६५ मीटर लांब, २० मजली आहे. त्यावर सात तलाव आणि सहा जलघसरगुंड्या आहेत. आकारमानाच्या हिशेबात ते ‘एम्प्रेस’च्या पाचपट भरते. इन्स्टाग्रामवरचे त्याचे रील पाहून मुंबई-गोवा क्रूझ बुक केली तर अपेक्षाभंग ठरलेला.

दोन-तीन रात्रींच्या सफरीत वेळ कमी असतो. कार्यक्रमाच्या जागा मर्यादित असल्याने काही जहाजांवर आधी नाव नोंदवावे लागते. चढल्या दिवशीच ॲपवर किंवा स्वागतकक्षात वेळापत्रक पाहून नोंदणी केलेली बरी. समुद्र खवळला तर तलाव आणि उघड्या डेकवरचे खेळ बंद होतात. कॅसिनो आणि करमुक्त दुकाने बंदरात असताना सहसा बंदच असतात.

टिप द्यावीच लागते का?

अमेरिकी कंपन्यांत साध्या केबिनसाठी प्रतिव्यक्ती, प्रतिदिन साधारण १६ ते २० डॉलर टिप खात्यात आपोआप लागते, मुलांचीही. चार जणांच्या कुटुंबाचे सात रात्रींचे हे बिल सुमारे ४५० ते ५६० डॉलर होते. काही कंपन्या ती तिकिटातच धरतात. म्हणून बुकिंग करतानाच विचारावे.

ही रक्कम कर्मचाऱ्यांच्या कमाईचा महत्त्वाचा भाग असते. या कर्मचाऱ्यांत गोवा, मुंबई आणि कोकणातले तरुण मोठ्या संख्येने आहेत. ‘शिपवर जाणे’ हा तिथल्या घरांत नेहमीचा शब्दप्रयोग आहे. त्यांचे करार काही महिन्यांचे असतात आणि साप्ताहिक सुट्टी मिळणे अवघड असते. आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार २४ तासांत किमान १० तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे आठवड्याला ९१ तासांपर्यंत काम नियमात बसू शकते.

मोबाइलचे काय?

किनारा दूर गेला की नेहमीचे नेटवर्क जाते आणि फोन जहाजाच्या उपग्रह नेटवर्कला जोडला जाऊ शकतो. त्याचे दर साध्या रोमिंगपेक्षा कितीतरी जास्त असतात. उपाय सोपा आहे : जहाज सुटताच फोन फ्लाइट मोडवर टाकावा आणि गरज असेल तर फक्त वायफाय चालू करावे. तिकीट, ओळखपत्रे आणि बुकिंगचे तपशील आधीच फोनमध्ये उतरवून ठेवावेत.

आजारी पडल्यास?

जहाजावर डॉक्टर असतो, पण उपचारांचे बिल प्रवाशाच्या खात्यावर लागते. नेहमीचा आरोग्य विमा तिथे चालेलच असे नाही. परदेशी क्रूझसाठी वैद्यकीय खर्च आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च देणारा प्रवास विमा घ्यावा. सहा महिन्यांखालील बाळ आणि २४ आठवड्यांपुढील गर्भवती यांना बहुतेक कंपन्या प्रवेश देत नाहीत.

जहाज लागण्याचा त्रास असलेल्यांनी खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची केबिन घ्यावी. डोलणे तिथे सर्वांत कमी जाणवते. उलट्या-जुलाब घडवणारा नोरोव्हायरस हा क्रूझवरचा ओळखीचा पाहुणा आहे. अमेरिकी बंदरांत येणाऱ्या जहाजावर तीन टक्के प्रवासी किंवा कर्मचाऱ्यांना असा त्रास झाला की तिथली आरोग्य यंत्रणा सीडीसी त्याची जाहीर नोंद करते. बुफेच्या दारात सॅनिटायझर असला तरी या विषाणूवर तो फारसा चालत नाही. साबण आणि पाण्याने हात धुणे हाच खरा उपाय.

सुरक्षेची कवायत टाळली तर चालते का?

नाही. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत तेव्हा झालेलीच नव्हती. कारण २४ तासांत ती घेण्याची मुभा होती. त्यानंतर नियम बदलला. २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच कवायत घेणे बंधनकारक आहे. सात आखूड आणि एक लांब भोंगा हा आणीबाणीचा इशारा आहे. कुटुंबातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, आपले जमण्याचे ठिकाण पाठ हवे.

बंदरावर उतरल्यावर उशीर झाला तर?

जहाज थांबत नाही. मार्च २०२४ मध्ये ‘नॉर्वेजियन डॉन’ने आफ्रिकेतील साओ टोमे इथे आठ प्रवाशांना मागे ठेवून प्रस्थान केले. ते खासगी सहलीवरून उशिरा परतले होते. जहाज गाठण्यासाठी त्यांना अनेक देशांतून प्रवास करावा लागला. कंपनीच्याच सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा वाट पाहते. खासगी टॅक्सी स्वस्त पडते, पण जोखीम आपली. गोव्यात जहाज मुरगावला लागते. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर आहे. वाहतूक कोंडी धरून परतीची वेळ ठरवावी. घड्याळ जहाजाचे पाहावे.

बुकिंगआधी विचारायचे पाच प्रश्न

१. कर, बंदर शुल्क आणि टिप धरून एकूण रक्कम किती?
२. कोणती रेस्टॉरंट आणि पेये तिकिटात आहेत?
३. केबिन कोणत्या मजल्यावर आणि खिडकी आहे का?
४. हवामानामुळे बंदर वगळले किंवा सफर रद्द झाली तर परतावा किती?
५. मुलांच्या कार्डावर खर्चाची मर्यादा घालता येते का?

उत्तरे फोनवर न घेता ईमेलवर घ्यावीत. आणि जहाजावर रोज रात्री झोपण्याआधी खात्यातली रक्कम ॲपवर किंवा स्वागतकक्षात तपासावी. चुकीची नोंद दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून घेणे सोपे असते. उतरण्याच्या सकाळी त्याच कामासाठी रांग लागलेली असते.