श्वापदाचा अंक आणि पोपचा मुकुट

बायबलच्या 'प्रकटीकरण' या अखेरच्या ग्रंथात श्वापदाचा अंक ६६६ सांगितला आहे. हिब्रू अक्षरे अंकही दर्शवितात. 'नेरॉन कैसर' असे लिहिल्यास हीच बेरीज येते. काही जुन्या प्रतींत ६१६ आढळतो. पाठभेद म्हणजे लेखकूचा प्रमाद, असे आपण सहज म्हणतो. येथे मात्र 'नेरो' या लॅटिन रूपात अंत्य 'न' गळून नेमके ५० उणे होतात. म्हणून छळ करणारा रोमन सम्राट हाच मूळ अर्थ आम्ही ग्राह्य धरतो.

पुढे रोम हेच ख्रिस्ती धर्मपीठ झाले. पोपशी संघर्ष मांडलेल्या ल्यूथरच्या जर्मन नव्या करारात, सप्टेंबर १५२२ मध्ये, श्वापदाच्या मस्तकी पोपचा तिहेरी मुकुट चितारला गेला. डिसेंबरच्या आवृत्तीत तो छाटून साधा करण्यात आला.