बेसगिटारची एकच तार बद्द का वाजते?

मुलुंडचे महाकवी कालिदास नाट्यमंदिर असो वा बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह, तेथील वाद्यवृंदांच्या कार्यक्रमांत गाण्याचा खर्ज सांभाळण्याचे काम प्रामुख्याने बेसगिटारकडे असते. आणि या वाद्याच्या चार तारांपैकी एखादी सुरात असूनही बद्द वाजू लागली, की ती जुनी झाली असे मानून वादक बहुधा संपूर्ण संचच बदलतो. हे निदान पुष्कळदा बरोबर ठरत असले, तरी घाम, दमट हवा आणि वापर यांचा परिणाम चारही तारांवर होत असल्याने, एकाच दिवशी चढवलेल्या तारांपैकी एकच मंदावली असेल, तर केवळ तिच्या वयाकडे बोट दाखवून भागत नाही.

ताणलेली तार छेडली असता संपूर्ण लांबीच्या कंपनातून मूलस्वर उमटतो, आणि त्याच वेळी ती दोन, तीन, चार अशा समान भागांतही कंप पावत असल्यामुळे मूलस्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वर त्यात मिसळतात. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून ऐकू येणारा स्वयंभू गंधार हा अशाच पाचपट वारंवारतेचा उपस्वर होय. बेसगिटारच्या सर्वांत जाड ‘ई’ तारेचा मूलस्वर ४१.२ हर्ट्झचा असतो, आणि इतक्या खालच्या स्वराबाबत मानवी कान फारसा संवेदनशील नसल्याने तिची झळाळी उपस्वरांवरच अवलंबून असते. तार बद्द होते तेव्हा मूलस्वर बव्हंशी टिकून राहतो, वरचे उपस्वर मात्र लवकर विरतात.

याचे पहिले कारण तारेच्या रचनेत आहे. पोलादी गाभ्याभोवती बहुधा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाची बारीक तार गुंडाळून ही तार तयार करतात, आणि त्या वेढ्यांच्या फटींत त्वचेचे कण, तेलकटपणा व घाम साचला की तार वाकताना आतले घर्षण वाढते. उपस्वर जितका वरचा, तितकी तार कमी अंतरात अधिक वेळा वाकत असल्याने हे घर्षण त्यालाच आधी गिळते. घामातले मीठ सुमारे ७५ टक्क्यांहून अधिक सापेक्ष आर्द्रतेत हवेतील बाष्प शोषून स्वतःच विरघळते, आणि मुंबईच्या उपनगरांत पावसाळ्यात आर्द्रता वारंवार या मर्यादेपलीकडे जात असल्याने वेढ्यांत खारट पाण्याचा थर टिकून राहतो व गंज धरतो. तार उकळत्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवून काढण्याच्या वादकांच्या उपायाने मळ निघून झळाळी काही काळ परतते. गंज व झीज मात्र भरून येत नाही.

नवी तारही बद्द निघते, तेव्हा ती चढवण्याची रीत तपासावी लागते. खुंटीला गुंडाळताना तारेला पीळ पडला, किंवा काटकोनात वाकवण्याआधीच टोक कापल्याने बाहेरचे वेढे गाभ्यावरून सैल झाले, तर तिचे कंपन सुरुवातीपासूनच बिघडते.

तारेची दोन टोकेही तितकीच महत्त्वाची असतात. तार जेथे टेकते तो बिंदू उपस्वरांचे भवितव्य कसे ठरवतो, हे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा व वीणा यांच्या रुंद, किंचित वक्र घोडीच्या अभ्यासातून दाखवले होते. बेसगिटारला अशी वक्र घोडी, म्हणजेच जवारी, नसते. तेथे घोडीवर आणि मानेच्या टोकाशी असलेल्या ‘नट’ या खाचांच्या पट्टीवर तार नेमकी व घट्ट टेकणे आवश्यक असते. नटपासून खुंटीकडे जाताना तारेला पुरेसा उतार नसेल, खाच सैल असेल किंवा जाड तार घोडीवर कमानीसारखी उचललेली राहिली असेल, तर ऊर्जा त्या टोकाशीच वाया जाते. खुंटीवरचे वेढे खालच्या दिशेने घेणे आणि घोडीलगत तार अंगठ्याने हलकेच दाबून बसवणे, एवढ्यानेही पुष्कळदा फरक पडतो.

एखाद-दुसऱ्या पडद्यावरच स्वर लवकर मरत असेल, तर दोष वाद्याच्या मानेत शोधावा लागतो. मानेची स्वतःची नैसर्गिक वारंवारता त्या स्वराशी जुळली, की ती तारेची ऊर्जा ओढून घेते, हे जर्मनीतील हेल्मुट फ्लायशर यांनी विद्युत गिटारवरील मोजमापांतून दाखवले आहे; अनेक बेसगिटारींत हे ठिकाण ‘जी’ तारेच्या पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास आढळते. येथे मूलस्वरच लवकर विरतो, त्यामुळे नव्या तारेने प्रश्न सुटत नाही.

म्हणूनच तपासणीचा क्रम खर्चाआधी ठरवणे हिताचे असते. प्रथम अँप्लिफायर न जोडता तार ऐकावी: तेव्हा ती स्वच्छ वाजत असेल, तर तारेचे कंपन विद्युत संकेतात बदलणाऱ्या चुंबकीय ‘पिकअप’ची त्या तारेखालची उंची तपासावी. न जोडताही तार बद्द असेल, तर मोकळी तार आणि पडद्यावर दाबलेली तार यांची तुलना करावी: फक्त मोकळी तार बद्द असल्यास संशय नटवर, मोजक्या पडद्यांपुरता दोष असल्यास मानेवर किंवा त्या पडद्यांवर, आणि सर्वत्र असल्यास तारेवर किंवा घोडीवर जातो. या शेवटच्या स्थितीत तेवढी एकच तार बदलून पाहावी. नीट चढवलेली नवी तारही तशीच वाजली, तर उरलेला संच फेकून काहीही साधणार नाही.